बांधावर कोयता निघाला तर

उन्हाळ्यात नांगरट सुरू होते. नांगराचा फाळ बांधात हातभर शिरतो. कुणी तो मुद्दाम घालतो, कुणाचा चुकून जातो. दोन-चार वर्षांत बांध सरकतो आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. मग एक दिवस बांधावर शब्दाला शब्द लागतो. शेतकऱ्याच्या हातात त्या वेळी काही ना काही असतेच. कोयता, कुऱ्हाड, खुरपे, काठी. ही सारी कामाची अवजारे. पण राग डोक्यात शिरला, की तीच जीव घेतात.

असा प्रसंग आपल्यावर आला तर काय करावे? या पाठात आम्ही तेच सांगणार आहोत.

मागे सरला तो हरला का?

समजा, एका शेतकऱ्याचे घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत आहे. शेत आहे करवीर तालुक्यातल्या एका गावी. शेतात ऊस आहे. रोज शेतावर जाणे होत नाही. एके दिवशी सकाळी तो जातो, तर शेजारी याच्या हद्दीत उभा. बांध फोडलेला. याने विचारले, तसा शेजाऱ्याने कोयता उगारला आणि म्हणाला, "एक पाऊल पुढं टाकलंस तर बघ!"

अशा वेळी मनात पहिला विचार काय येतो? 'आज मी मागे सरलो, तर जमीन गेली. वर सारा गाव हसेल.'

या एका विचारापायी माणसे मरतात. आणि हा विचार खरा नाही.

मंगळवार पेठेत तालमी आहेत. जवळच शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान आहे. कुस्तीच्या मातीत मागे हटणारा पैलवान लोकांना आवडत नाही, हे खरे. पण तिथे पंच असतो. दोघांचे हात मोकळे असतात. पाठ टेकली, की कुस्ती संपते आणि दोघे आपापल्या पायांनी घरी जातात. बांधावर पंच नसतो, आणि हातात कोयता असतो. म्हणून मैदानाचा नियम बांधावर लावू नये.

जमीन कुणाची, हे त्या दिवशी कोण कुठे उभा होता यावरून ठरत नाही. ते कागद, नकाशा आणि मोजणी यांवरून ठरते. कुणी जबरीने आपला कब्जा काढून घेतला, तर तो परत मागता येतो. १९६३ च्या एका कायद्याप्रमाणे दिवाणी कोर्टात तसा दावा करता येतो. त्यात मालकी कुणाची हे सिद्ध करावे लागत नाही. कब्जा आपला होता आणि तो जबरीने घेतला, एवढे दाखवावे लागते. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणे तहसीलदाराकडेही दाद मागता येते. दोन्हींकडे मुदत सहा महिने आहे. ती मात्र विसरू नये. आज चार पावले मागे सरलात, म्हणून जमीन जात नाही. सहा महिने नुसते घरी कुढत बसलात, तर अडचण होते.

थोडा हिशोब करू

हातभर म्हणजे दीड फूट. बांध ३०० फूट लांब आहे आणि तो हातभर सरकला आहे. दीड गुणिले ३०० म्हणजे ४५० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे भांडण अर्ध्या गुंठ्याचेही नाही. त्यापायी खून झाला, तर एक घर माणसाला मुकते. दुसऱ्या घरातला माणूस जन्मठेपेला जातो, नाहीतर फासावर. शेत दोन्ही घरांचे पडीक पडते. अर्धा गुंठा सोडून द्या, असे आम्ही म्हणत नाही. आपला हक्क जरूर मागा. पण कोयत्यासमोर उभे राहून मागू नका.

त्या घडीला काय करावे?

१. जिथे असाल तिथे थांबा. दहा-बारा पावलांचे अंतर ठेवा. तो पुढे आला, तर तुम्ही मागे सरा.

२. हातात खुरपे किंवा काठी असेल, तर सावकाश खाली ठेवा. हात मोकळे आहेत हे त्याला दिसू द्या. बोट दाखवून बोलू नका.

३. आवाज खाली ठेवा. तीनच वाक्ये बोला. "तात्या, मी मागं सरतो. आज बांधाला हात लावत नाही. पुढचं चार माणसांत बसून बोलू." एवढे पुरे. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे तेव्हा सांगू नका. रागावलेल्या माणसाच्या कानात पुरावा शिरत नाही.

४. आई-बहिणीवरून, जातीवरून, वाडवडिलांवरून एक शब्दही काढू नका. तो शिव्या देईल. देऊ द्या. शिवीने अंगाला जखम होत नाही.

५. त्याची वाट अडवू नका. त्यालाही घरी जायला रस्ता पाहिजे. कोंडलेला माणूस अंगावर येतो.

६. कोयता हिसकावायला जाऊ नका. चित्रपटात ते जमते, शेतात जमत नाही.

७. त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरा. अंतर पडले, की निघून जा. तो अंगावर धावलाच, तर पळा. पळण्यात लाज नाही.

८. तो दारू प्यालेला असेल, तर बोलतही बसू नका. सरळ निघा.

९. त्याच्याजवळ बंदूक असेल, तर भिंतीच्या किंवा जाड झाडाच्या आड व्हा आणि तिथून निसटा. उसाचा आडोसा नजरेपासून लपवतो, गोळीपासून वाचवत नाही.

बरोबर बायको, मुलगा, गडी असेल, त्यानेही काही गोष्टी पाळाव्यात. ओरडून गर्दी जमवू नये. चार माणसे बघायला उभी राहिली, की मागे सरणे दोघांनाही जड जाते. त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून चित्र काढू नये. ते आगीत तेल ओतणे आहे. एकाने बाजूला होऊन ११२ या नंबरावर पोलिसांना कळवावे. शेजारी ज्याचे ऐकतो असा कुणी जवळ असेल, त्याची आई, थोरला भाऊ, मामा, तर त्याला बोलावून आणावे. परक्या दहा माणसांपेक्षा घरचे एक माणूस लवकर राग उतरवते.

कायदा काय म्हणतो?

आपला जीव आणि आपली मालमत्ता वाचवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पण त्याला मर्यादा आहेत. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल, तर हा हक्क सांगता येत नाही. तो पाठ फिरवून निघाला आणि तुम्ही मागून घाव घातला, तर तो बचाव ठरत नाही. घरी जाऊन भावाला आणि कुऱ्हाडीला घेऊन परत आलात, तर तोही बचाव ठरत नाही. तेव्हा गुन्हेगार तुम्ही ठरता, जमीन तुमची असली तरी.

घरी आल्यावर काय करावे?

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा उपयोग इथे करा. दिवस कोणता, वेळ काय, कोण काय बोलले, कुणी पाहिले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. पोलीस पाटलाला सांगा. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. गुन्हा नोंदला, तर त्याची नक्कल फुकट मिळते. नोंद करायला नकार दिला, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते. पुन्हा मारामारी होण्याची भीती असेल, तर तहसीलदार शेजाऱ्याकडून शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेऊ शकतात.

रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायचे असेल, तर काही दिवस एकट्याने जाऊ नका.

भांडणाचे मूळ कसे काढावे?

सातबाऱ्यावर क्षेत्र किती ते लिहिलेले असते. बांध नेमका कुठे, ते त्यावर नसते. हद्द कळते नकाशावरून आणि मोजणीवरून. म्हणून दोघांनी सातबारा फडकवून काही उपयोग नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करावा आणि फी भरावी. मोजणीआधी शेजाऱ्यांना नोटीस जाते. सर्वांसमोर हद्द दाखवतात. दोघे मिळून फी भरतील, तर फारच चांगले.

मोजणीनंतर चार माणसांत बसावे. अशा तडजोडीसाठीच १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. त्या वेळी आर. आर. पाटील गृहमंत्री होते. गावोगाव तंटामुक्त समित्या झाल्या. आपल्या गावच्या समितीकडे जावे. कोर्टात जायची पाळी आली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि गरिबांना तिथे वकील फुकट मिळतो. त्यांचा फोन नंबर १५१०० आहे. लोकअदालतीत तडजोडही होते.

कधी असे असते, की याची जमीन तो कसतो आणि त्याची हा. बारा वर्षे किंवा जास्त काळ असेच चालले असेल, तर अदलाबदलीसाठी शासनाने २०२३ साली 'सलोखा' योजना काढली. तिच्यात मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये ठेवली. ही सवलत मुदतीची आहे. अर्जाआधी तलाठ्याकडे चौकशी करावी.

शेजारी बदलता येत नाही. बांध आज ना उद्या मोजला जाईल. तो मोजला जाईल त्या दिवशी दोघेही तिथे हजर पाहिजेत, एवढेच आमचे सांगणे आहे.

सांगा पाहू

१. मागे सरल्याने जमीन का जात नाही?
२. कब्जा परत मागण्याची मुदत किती?
३. २०० फूट लांबीचा बांध हातभर सरकला, तर जमीन किती चौरस फूट गेली?
४. तुमच्या शेजाऱ्याचा राग कुणाच्या शब्दाने उतरतो? त्याचे नाव आजच लक्षात ठेवा.

शब्दांचे अर्थ

कब्जा – जमीन ताब्यात असणे.
बंधपत्र – वचन लिहून दिलेला सरकारी कागद.
सलोखा – भांडण मिटून झालेला समेट.