कातळावरचा वसंत

(रायगड जिल्ह्यातील आपटा-कर्नाळा परिसरात वसंत ऋतूत फुलणाऱ्या झाडांची माहिती या पाठात दिली आहे. ही झाडे ऐन उन्हात का फुलतात आणि त्या दिवसांत त्यांना का जपले पाहिजे, हे या पाठातून समजते.)

विद्यार्थी मित्रांनो, बाग म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? गुलाबाचे ताटवे, हिरवळ, कारंजे आणि झाडांना पाणी घालणारा माळी. थंड हवेच्या देशांत काही लोक बागेत मुद्दाम मोठमोठे दगड रचतात आणि त्यांच्या फटींत डोंगरावरची फुलझाडे लावतात. काही जण उंच झाडांच्या सावलीत रानफुले वाढवतात. अशा बागांसाठी पुष्कळ मेहनत लागते. आपल्या महाराष्ट्रात मात्र खडकावरची आणि रानातली बाग माळ्यावाचून फुलते. ती पाहायची असेल, तर फेब्रुवारी-मार्च महिन्यांत आपट्याला चला.

आपटा हे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याचे गाव. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे लहानसे स्थानक आहे. गावाजवळून पाताळगंगा नदी वाहते. जवळच कर्नाळ्याचा डोंगर आहे. डोंगरावरच्या किल्ल्यातला अंगठ्यासारखा सुळका फार दुरूनही ओळखू येतो. हा सुळका काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर आलेला लाव्हारस थंड झाला आणि त्यातून हा कातळ बनला. डोंगराच्या उतारावरचे जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले.

पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो. पण ऑक्टोबरनंतर कित्येक महिने पावसाचे नाव नसते. उतारावर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे पाणी टिकत नाही. झाडाच्या पानांतूनही पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. मग झाडे काय करतात? ती पाने गाळून टाकतात आणि उरलेले पाणी वाचवतात. उघड्या फांद्या पाहून आपल्याला वाटते, झाड वाळले! पण थोड्याच दिवसांत त्याच फांद्यांवर फुलांचा बहर येतो. मराठीतला ‘बहर’ हा शब्द तुमच्या ओळखीच्या ‘बहार’ या फारसी शब्दावरूनच आला आहे.

प्रथम फुलते काटेसावर. उर्दूत तुम्ही तिला सेमल म्हणता. तिची लाल फुले वाटीएवढी मोठी आणि मांसल असतात. तिच्या मागोमाग पांगारा लालभडक होतो. मग पळसाची पाळी येते. पळस म्हणजे तुमचा टेसू किंवा ढाक. त्याचे केशरी फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे असते. पळसाच्या एका देठावर तीन पाने असतात. म्हणून मराठीत ‘पळसाला पाने तीनच’ अशी म्हण आहे आणि उर्दूत ‘ढाक के तीन पात’. कोठेही जा, स्थिती सारखीच, असा या म्हणीचा अर्थ. पाहा, एकाच झाडाने दोन भाषांना एकच म्हण दिली!

खडकाळ उतारावर धायटीची झुडपे असतात. त्यांच्या फांद्यांवर नळीसारख्या लहान लाल फुलांचे घोस लागतात. झाडांच्या सावलीत करवंदाच्या जाळ्या पांढऱ्या, सुवासिक फुलांनी भरून जातात. एप्रिल-मे महिन्यांत बहाव्याचे, म्हणजे अमलतासचे, पिवळे झुंबर लोंबू लागतात. ओढ्याकाठी तामण जांभळा होतो. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. आणि ज्याचे नाव या गावाला आहे, ते आपट्याचे झाड? दसऱ्याला लोक त्याची पाने ‘सोने’ म्हणून एकमेकांना देतात. त्यालाही उन्हाळ्यात फुले येतात. पण ती फिकट आणि लहान असतात, म्हणून तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आता एक प्रश्न. सावर, पांगारा, पळस यांची फुले लाल-केशरीच का? मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. पक्ष्यांना मात्र तो लांबूनही दिसतो, आणि पाने गळालेली असल्यामुळे फुले झाकलीही जात नाहीत. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर असे कितीतरी पक्षी मध पिण्यासाठी या फुलांवर येतात. मध पिताना त्यांच्या डोक्याला पराग चिकटतात. ते पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पोहोचतात आणि त्यामुळे फळ धरते. ज्या दिवसांत रानात पाणी कमी असते, त्याच दिवसांत झाड पक्ष्यांना गोड रस पाजते आणि त्यांच्याकडून आपले काम करून घेते. प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) यांनी फुले आणि पक्षी यांच्या या नात्याचा अभ्यास केला. १९३२ साली त्यांनी या विषयावर मोठा लेख लिहिला. याच रायगड जिल्ह्यातील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याचेही निरीक्षण केले होते.

फळ धरले तरी झाडाचे काम संपत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सावरीची बोंडे फुटतात आणि कापसाबरोबर बी वाऱ्यावर उडते. पळसाची चपटी शेंगही वाऱ्याने गिरक्या घेत खाली येते. जूनमध्ये पाऊस पडला की बियांना कोंब फुटतात. म्हणजे पावसाआधी बी जमिनीवर पोहोचावे, म्हणून फूल ऐन उन्हातच फुलले पाहिजे. महिनाभर उशीर झाला, तर सारे वर्ष वाया जाते.

म्हणूनच या दिवसांतली आपली चूक झाडांना महागात पडते. वाळलेल्या गवतावर कोणी जळती काडी किंवा विडी टाकतो, कोणी सहलीला येऊन चूल पेटवतो आणि ती न विझवताच निघून जातो. मग वणवा लागतो. मोठी झाडे बहुधा वाचतात. पण जमिनीवर पडलेले बी, मागच्या वर्षीची कोवळी रोपे आणि जमिनीवरची पाखरांची घरटी जळून जातात. दरवर्षी वणवा लागला, तर जुनी झाडे तेवढी उभी राहतात आणि त्यांची जागा घ्यायला नवे रोप उरत नाही.

मित्रांनो, तुम्ही सहलीला कर्नाळ्याला गेलात, तर फुललेली फांदी तोडू नका. फूल पाहा, त्यावर कोणता पक्षी येतो ते वहीत लिहा. विस्तव करू नका, आणि कोठे धूर दिसला तर वनरक्षकाला लगेच सांगा. माळी नसलेल्या या बागेची राखण आपणच करायची आहे.

शब्दार्थ
कातळ – मोठा, सलग खडक
सुळका – उंच, निमुळता खडक
पराग – फुलातील बारीक भुकटी
शिंजीर – फुलांतील मध पिणारा एक लहान पक्षी
वणवा – रानात लागलेली आग

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपट्याजवळून कोणती नदी वाहते?
(आ) महाराष्ट्राचे राज्यपुष्प कोणते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) उन्हाळ्यापूर्वी झाडे पाने गाळतात.
(आ) वणव्यामुळे रानात नवी झाडे वाढत नाहीत.

प्र. ३. पुढील झाडांची उर्दू नावे लिहा : पळस, बहावा, काटेसावर.

प्र. ४. ‘पळसाला पाने तीनच’ या म्हणीचा अर्थ सांगून तिचा वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या शाळेजवळचे एखादे फुललेले झाड पंधरा मिनिटे पाहा. त्यावर आलेले पक्षी व कीटक यांची यादी करा.