चंचल अवधान आणि चिंता : प्रौढांमधील जोडविकार

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ परिसरात शेतीचे वर्ष नागली, वरई आणि भात यांच्याभोवती फिरते. पिके निघाली की अनेक कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. अशा कष्टाच्या जीवनात विसराळूपणा, अर्धवट राहिलेली कामे आणि मनातील सततची धास्ती यांना आजार कोण म्हणणार? 'धांदरट' हा शिक्का मात्र चटकन बसतो.

अवधान-न्यूनता व अतिचलता हा विकार बालपणीच सुरू होतो. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली लंडन येथील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. वयाबरोबर तो आपोआप नाहीसा होतो, ही समजूत पुढे दीर्घकाळ टिकली. ती खरी नव्हे. प्रौढपणी बाहेरची धावपळ कमी होते, तथापि आतील अस्वस्थता कायम राहते. वेळेचा अंदाज चुकतो, कागदपत्रे हरवतात, बोलणी खावी लागतात. 'आज काय राहिले असेल?' ही भीती मग मनात घर करते व अनेकांना चिंताविकार जडतो. चिंतेमुळे लक्ष आणखी उडते.

खरी अडचण निदानाची आहे. रुग्ण छातीतील धडधड आणि उडालेली झोप सांगतो. उपचार चिंतेवर होतात आणि मूळ चंचलता तशीच राहते. केवळ चिंता असलेल्याचे मन काळजीच्या विषयाकडे ओढले जाते. या विकारात मन निर्धास्त असतानाही लक्ष टिकत नाही. प्रचलित निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या १२ व्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. त्यामुळे बालपणाची माहिती महत्त्वाची. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेल्या माणसाविषयी आईपेक्षा जुने शिक्षकच कधी कधी अधिक सांगू शकतात. अपुरी झोप, मद्यपान व थायरॉइडचे दोषही तपासून घ्यावे लागतात.

उपचारांत मिथाइलफेनिडेट हे औषध अवधान वाढवते. परंतु त्याने काहींची नाडी जलद होते आणि चिंताग्रस्त माणूस त्या धडधडीनेच घाबरतो. म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात, किंवा ॲटोमॉक्सेटिनचा विचार करतात. त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. समुपदेशनाचीही जोड हवी. शिधापत्रिकेची जागा ठरवणे, मोबाइलचा गजर लावणे हे उपाय साधे खरे, पण उपयोगी.

केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतून बोलता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथम विचारणा करावी. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे.

भट्टीवर जाण्यापूर्वी औषधाचे नाव व मात्रा लिहिलेला कागद सोबत घेणे अगत्याचे आहे. चिंतेवरील काही औषधे एकाएकी थांबवल्यास चक्कर व बेचैनी उद्भवते, आणि जुना आजार उलटला असा गैरसमज होतो.