लोगो विकू नका, नियम विका: प्रदर्शनाच्या डिझाइनचं काम कसं घ्यायचं?

व्हिडिओत कोटेशनचा भाग घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहितोय.

मी पहिल्यांदा एका वास्तुकला प्रदर्शनाचं काम घेतलं, तेव्हा लोगो, निमंत्रणपत्रिका आणि बॅनर धरून एकच आकडा सांगितला. मग मागण्या सुरू झाल्या. दिशादर्शक फलक, मॉडेलशेजारच्या माहितीच्या पट्ट्या, स्वयंसेवकांचे बिल्ले. प्रत्येक वेळी मी नव्याने डिझाइन करत बसलो. उद्घाटन झकास झालं, माझ्याकडे मात्र छपाईवाल्याची उधारी उरली. आयोजकांची चूक नव्हती. आपण काय विकतोय, हेच मला कळलं नव्हतं.

मेक्सिकोने काय केलं?

१९६८ चं मेक्सिको सिटी ऑलिंपिक बघा. खेळांसोबत तिथे वर्षभर सांस्कृतिक कार्यक्रमही होते. आयोजन समितीचे प्रमुख पेद्रो रामिरेझ वास्केझ हे स्वतः वास्तुविशारद. डिझायनर लान्स वायमन अमेरिकेतून आले होते. ऑलिंपिकच्या पाच वर्तुळांच्या रेषांमधून त्यांनी ‘६८’ हा आकडा काढला. त्याच रेषा पसरवून ‘मेक्सिको’ शब्द केला आणि पुढे त्यातून अख्खी अक्षरमाला तयार झाली. तिकिटं, टपाल तिकिटं, गणवेश, रस्त्यावरचे फलक, सगळीकडे तोच नियम. स्पॅनिश न येणाऱ्यालाही चित्रं आणि रंगांवरून वाट सापडायची.

म्हणजे नियम एकदा ठरला की पुढची प्रत्येक वस्तू पटकन होते. तुमचा नफा तिथेच आहे.

कोटेशनचे तीन भाग करा

१. ओळख: लोगो, दोन अक्षरवळणं, तीन रंग आणि ते कसे वापरायचे याची चार पानांची पुस्तिका. दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या, हे लिहून द्या.

२. जागा: आधी टेप घेऊन हॉल मोजा. माणूस कुठून आत येईल, कुठे थांबेल, कुठून बाहेर पडेल, ते नकाशावर काढा. मगच फलक मोजा. प्रत्येक फलकाचा दर वेगळा.

३. छपाई आणि उभारणी: हे पैसे आगाऊ घ्या. स्वतःच्या खिशातून छापू नका. छापण्याआधी मजकुरावर आयोजकांची लेखी मंजुरी घ्याच. वास्तुविशारदाचं नाव चुकलं तर अख्खा फलक पुन्हा छापावा लागतो!

एक फुकटची चाचणी

माहितीची एक पट्टी घरच्या प्रिंटरवर खऱ्या आकारात काढा, भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा आणि आई-वडिलांना पाच फुटांवरून वाचायला सांगा. ते पुढे सरकले, की अक्षर वाढवा. स्क्रीनवर सगळंच छान दिसतं, फसू नका.

गृहपाठ: या आठवड्यात जवळच्या एखाद्या प्रदर्शनाला जा. गेटपासून बाहेर पडेपर्यंत छापलेल्या किती वस्तू दिसतात, ते मोजा आणि आकडा कमेंटमध्ये लिहा. तीच तुमच्या पुढच्या कोटेशनची यादी.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!