मधली पायरी मावते का?

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र आणि सोबतचा फॅक्टोरियलचा (१ पासून त्या संख्येपर्यंत सगळ्यांचा गुणाकार काढणारा) सी प्लस प्लसमधला प्रोग्रॅम मिळाला. १२! पर्यंतची उत्तरं बरोबर आहेत. १३! साठी मात्र १,९३,२०,५३,५०४ आलंय आणि तेही तू बरोबर धरलंस. त्याच्या शेवटच्या अंकाकडे बघ. १३! मध्ये ५ आणि १० दोन्ही गुणलेले आहेत, म्हणजे शेवटी दोन शून्यं यायलाच हवीत. इथे ४ आहे. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००.

३२ बिटांच्या 'इंट'मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. मापट्यात पायली ओतली तर सांडलेलं निदान दिसतं. इथे वरचे बिट गुपचूप गळाले आणि उरलेला आकडा दिसायला अगदी खरा वाटला. उत्तर ऋण आलं असतं तर तू लगेच चपापली असतीस. शिवाय इंटची मर्यादा ओलांडली तर काय व्हावं, हे सी प्लस प्लसनं ठरवूनच दिलेलं नाही. त्यामुळे दर वेळी बिटच गळतील, याचीही खात्री धरू नकोस.

त्याहून मोठं, ६४ बिटांचं 'लाँग लाँग' घेतलंस की २०! पर्यंत निभेल, २१! ला पुन्हा तेच. आणि दोन इंटचा गुणाकार लाँग लाँगमध्ये ठेवलास, तरी गुणाकार आधी इंटमध्येच होतो. बिघडलेला आकडा नुसता मोठ्या घरात राहायला जातो. म्हणून गुणण्याआधीच दोघांपैकी एकाला लाँग लाँग कर.

माझं सांगणं एवढंच: उत्तर मावतं का, यावर थांबू नकोस, मधली प्रत्येक पायरी मावते का, ते पाहा. ३० जणांतून १५ जण निवडायचे प्रकार १५,५१,१७,५२०. हे इंटमध्ये आरामात बसतं. पण ३०! ला दोनदा १५! नं भागायच्या सूत्रातला तो ३०! चांगला ३३ अंकी आहे, तो लाँग लाँगमध्येही बसत नाही. म्हणून एकदा गुण, लगेच भाग, असं पुढे जा. क्रम नीट ठेवलास तर प्रत्येक भागाकार निःशेष जातो. तरीही शेवटच्या पायरीला १५ नं भागण्याआधी २,३२,६७,६२,८०० होतात, म्हणजे इंट इथेही अपुरा. लसावि काढतानाही आधी मसाविनं भाग, मग गुण.

ही चूक नवशिक्यांचीच असते असं समजू नकोस. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून २ नं भागलं जाई. अ‍ॅरेमध्ये सुमारे १०७ कोटींहून अधिक घटक असले की ती बेरीज इंटबाहेर जाऊ शकते. ही चूक वर्षानुवर्षं तिथेच होती; तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती स्वतः जाहीर केली. उपाय साधा: वरच्या टोकातून खालचं वजा कर, त्याचं निम्मं खालच्या टोकात मिळव.

स्पर्धांमध्ये १,००,००,००,००७ नं भागून बाकी विचारतात, तेव्हाही शेवटी एकदाच बाकी काढून चालत नाही. दर गुणाकारानंतर काढ. अशा कुठल्याही दोन बाकींचा गुणाकार लाँग लाँगमध्ये मावतो. दशांश संख्यांसाठीच्या 'डबल'च्या भरवशावर राहू नकोस. २ च्या ५३ व्या घातापलीकडे त्यात सगळे पूर्णांक अचूक राहत नाहीत. पायथॉनचे पूर्णांक लागतील तेवढे वाढतात, तिथे तू पडताळा घेऊ शकतेस.

आता ३० मधून १५ निवडायचा प्रोग्रॅम लिही आणि प्रत्येक गुणाकाराशेजारी तो जास्तीत जास्त किती होईल, ते हातानं मांडून पाठव. चालवायची घाई नको, आधी मांडणी पाहू दे.

तुझा,
मामा