एक जंतू, तीन भावंडे

ठाणे खाडीच्या काठी बोनकोडे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव आहे. १९७० नंतर भोवती नवी मुंबई वसली. उंच इमारती उठल्या. गावठाणातील घरे मात्र एकमेकांस बिलगूनच राहिली. अशा गावातील एखादे घर कल्पनेत आणावे. दोन खोल्यांत आजोबा, आईवडील व तीन भावंडे राहतात. आजोबांना खोकला जडतो. तपासणीत तो फुप्फुसाचा क्षय ठरतो. काही महिन्यांनी थोरला नातूही खोकू लागतो. मधलीच्या गळ्याला गाठी येतात. तिला खोकला मुळीच नाही, पण तोही क्षयच. आणि आजोबांच्या शेजारी निजणारा धाकटा मात्र धडधाकट राहतो! छप्पर एक, हवा एक, जंतूही एक; मग असे का व्हावे?

“त्यांच्या रक्तातच रोग आहे,” असे शेजारीपाजारी कुजबुजतात. पूर्वी मोठमोठे विद्वानही असेच मानीत. परंतु २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतूच दाखविला, आणि हा रोग वारशाने नव्हे, तर जंतूमुळे होतो हे ठरले.

तरीही कोडे उरलेच. जंतू ज्यांच्या शरीरात शिरतो, त्यांपैकी शंभरात पाच ते दहाच जण पुढे कधीतरी आजारी पडतात. याचे एक कारण शरीराच्या संरक्षक पेशींत आहे. या पेशी जंतूला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एखादा तुकडा वर धरून इतर पेशींना दाखवितात. मग त्या लढ्यास सज्ज होतात. तुकडा धरणारा हा जणू पेशीचा हातच. त्याची घडण जनुके ठरवितात. निम्मी जनुके आईकडून व निम्मी वडिलांकडून येतात. पण कोणती निम्मी, हे प्रत्येक भावंडाच्या बाबतीत वेगळे. म्हणून सख्ख्या भावंडांचे हातही सारखेच असतील असे नाही. एकाला जो तुकडा घट्ट धरता येतो, तोच दुसऱ्याच्या हातून निसटतो.

१९८३ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अशाच कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांत या हाताचा ‘डीआर-२’ नावाचा प्रकार अधिक आढळला. पुढे २००७ साली व्हिएतनाममधील रुग्णांत, जंतूची चाहूल घेणाऱ्या ‘टीएलआर-२’ या जनुकाचा एक प्रकार मेंदूच्या आवरणाला क्षय झालेल्यांत विशेष दिसला. म्हणजे रोग कोठे ठाण मांडतो, यातही जनुकांचा काही वाटा असावा.

येथे घाई मात्र करू नये. ‘डीआर-२’ असलेली असंख्य माणसे जन्मभर निरोगी राहतात. अपुरे अन्न, मधुमेह, तंबाखूचा धूर आणि कोंदट खोली यांचेही वजन पारड्यात पडते, आणि ते पुष्कळदा जनुकांहून जड असते. वारशाने मिळते ती लढण्याची रीत, रोग नव्हे. तेव्हा शेजाऱ्यांची कुजबुज या घराला अन्यायच करते.

औषध कोणाची जनुके विचारीत नाही. नेहमीच्या औषधांना जंतू दाद देत असेल, तर आजोबा व थोरला सहसा सहा महिन्यांत बरे होतात. मधलीच्या गाठी सावकाश विरतात; एखादी औषध संपल्यावरही बोटांना लागते. धाकट्यालाही दवाखान्यात नेतात आणि रोग नाही अशी खात्री झाल्यावर प्रतिबंधक गोळ्या देतात. कारण तो अंगणात हुंदडत असला, तरी त्याच्या शरीरात कोंडलेला जंतू निजून असू शकतो.