एडिशन ठरवताना नुसता दर पाहू नका

वेबसाइटचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवताना बहुतेक मालक दोनच गोष्टी विचारतात: महिन्याला किती पडेल आणि साइट किती वेळ बंद राहील. डेटाबेसची एडिशन कुठली, हे कोणी विचारत नाही. मी होस्टिंगच्या कामात आहे आणि या एका प्रश्नापायी चांगल्या चाललेल्या साइट अडलेल्या पाहिल्या आहेत.

एका पुस्तकविक्रेत्याची हकीकत सांगतो. ऐन दिवाळी अंकांच्या दिवसांत साइट वरवर व्यवस्थित चालू होती. पुस्तकं शोधता येत होती, किमती दिसत होत्या. ऑर्डर मात्र एकही नोंदली जात नव्हती. सर्व्हरवर जाऊन एरर लॉग उघडला, तर १८२७ क्रमांकाची एरर एकाखाली एक पडलेली. डेटाबेस परवान्यातल्या १०,२४० एमबी मर्यादेच्या पुढे जाईल, म्हणून वाढवता येत नाही, असा तिचा अर्थ. डिस्कवर जागा भरपूर होती. आधीच्या होस्टिंगवाल्याने अपग्रेडच्या नावाखाली मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०१९ हा डेटाबेस टाकला होता, पण एक्स्प्रेस एडिशनचा. ती फुकट असते. मालकांना फक्त 'नवीन आहे, वेगात चालेल' एवढंच सांगितलं होतं.

एक्स्प्रेस वाईट नाही. छोट्या साइटला ती पुरते. पण २०१६ ते २०२२ च्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीच मिळतात, आणि डेटा मेमरीत धरायला १,४१० एमबी. मग सर्व्हरमध्ये ३२ जीबी रॅम का असेना. शिवाय एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो, त्यामुळे रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावा लागतो. तो लावला आहे का, हे कोणी बघत नाही. २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये मर्यादा ५० जीबी झाली, एजंट मात्र अजूनही नाही.

त्या दिवशी आम्ही आधी बॅकअप घेतला आणि भेट देणाऱ्यांच्या नोंदींचं अवाढव्य टेबल रिकामं केलं. ऑर्डर लगेच सुरू झाल्या. नंतर वेब एडिशनवर गेलो. एक्स्प्रेसवरून वर जाताना डेटा हलवावा लागत नाही, सेटअपमधूनच एडिशन बदलता येते. खाली उतरायचं असेल तर मात्र पुन्हा नव्याने इन्स्टॉल करावं लागतं.

वेब एडिशनला ६४ जीबी मेमरी आणि १६ कोअर चालतात. ती दुकानात विकत मिळत नाही. होस्टिंग कंपनीकडूनच भाड्याने घ्यावी लागते, आणि तीही लोकांसाठी खुल्या असलेल्या साइटसाठीच. त्याच सर्व्हरवर ऑफिसचं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवलं, तर परवान्याचा भंग होतो. २०२५ च्या आवृत्तीत ही एडिशनच काढून टाकली आहे. २०२२ ची वेब एडिशन आज घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: तिला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०३३ पर्यंतच आहे.

पुढची पायरी स्टँडर्ड. तिचा परवाना माणशी घेतला तर स्वस्त वाटतो, पण खुल्या साइटवर माणसं मोजणार कशी? तिथे कोअरप्रमाणेच घ्यावा लागतो, किमान चार कोअरचा. अंदाजपत्रकात हे आधी धरा. कोणी एंटरप्राइझ सुचवली, तर तिची नेमकी कुठली सोय तुमची साइट वापरणार, ते लेखी मागा; साध्या विक्रीच्या साइटला ती लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि 'डेव्हलपर एडिशन टाका, सगळं फुकट मिळतं' हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. ती चाचणीपुरतीच आहे, चालत्या साइटला तिचा परवाना नाही.

आवृत्तीही विचारून घ्या. २०२२ वर घेतलेला बॅकअप २०१९ वर रिस्टोअर होत नाही. म्हणून जुना सर्व्हर महिनाभर तरी जपून ठेवा, आणि परवाना कोणाच्या नावावर आहे ते बिलावर लिहून घ्या.

तुमच्या सर्व्हरवर आत्ता काय आहे, हे कळायला 'सिलेक्ट @@व्हर्जन' ही एक ओळ पुरते. तुमच्या माणसाला ती आजच चालवायला सांगा. उत्तरात एडिशनचं नाव येतं.