व्यास हेच माप

काळ्या दारूच्या मोटरवर उडणारी छोटी मॉडेल रॉकेटं मी कोलोरॅडोत बरीच वर्षं बांधतोय. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी काही बोल.

1. मोटर विकतचीच घ्या. हा छंद उभाच त्यावर आहे. घरी दारू ठासणाऱ्या मुलांना होणाऱ्या इजांवर रॉकेट-अभियंते हॅरी स्टाइन यांनी लिहिलं, आणि ते वाचून नेब्रास्कातले बुटांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी 1957 साली त्यांना आपली कागदी रॉकेटं पाठवली. पुढे व्हर्न एस्टिस यांनी मोटर ठासणारं यंत्र बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मेबल’. मातीचं नोझल, दारूची लांबी, दाब हे सगळं प्रत्येक नळीत सारखं उतरतं, म्हणूनच मोटरीवरच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. सी6-5 म्हणजे सरासरी 6 न्यूटन जोर, आणि दारू संपल्यावर 5 सेकंदांनी पॅराशूट बाहेर. सुरुवातीचं अक्षर एकाने पुढे गेलं की एकूण ताकदीची मर्यादा दुप्पट होते. मोटर उघडायची नाही, तिच्यात भर घालायची नाही.

2. बाकी सगळी मापं नळीच्या व्यासात मोजा. माझा ठोकताळा असा: लांबी व्यासाच्या पंधरापट, फिनचं मूळ दोन व्यास, टोक एक व्यास, बाहेरचा पसारा दोन व्यास. 25 मिमी नळीला 50, 25, 50. कागदावर हे फार साधं दिसतं, पण पहिलं रॉकेट सरळ न्यायला पुरतं.

3. तोल मोटर बसवूनच बघा. सगळ्यात जास्त वेळ मी यावर देतो. गुरुत्वमध्य हा दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे, नाकाकडे, निदान एक व्यास हवा. सी6 मोटर साधारण 24 ग्रॅमची असते आणि ते सगळं वजन शेपटाला लागतं. त्यामुळे रिकामं रॉकेट बोटावर छान तोललं तरी त्याला अर्थ नाही. दारू जळते तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणजे सगळ्यात नाजूक क्षण सुटतानाचाच. पूर्वी पुठ्ठ्यावर रॉकेटची बाह्याकृती कापून ती तोलत आणि तो बिंदू दाबकेंद्र मानत. जेम्स बॅरोमन यांनी 1966 साली फिन, नाक, नळी यांचा वेगवेगळा हिशेब मांडणारी समीकरणं दिली आणि फिन उगाच मोठे ठेवण्याची गरज संपली. आता संगणक ते करतो, तरीही मी पॅराशूट आणि मोटर भरून, गुरुत्वमध्याशी दोरी बांधून रॉकेट मोकळ्या जागी डोक्याभोवती फिरवतो. नाक पुढे राहिलं की निश्चिंत. दोन बिंदूंतलं अंतर कमी पडलं तर फिन वाढवण्याआधी नाकात थोडं वजन घाला. अंतर दोन व्यासांच्या फार पुढे गेलं तर मात्र रॉकेट वारा येतो त्या दिशेला तोंड वळवतं आणि उंची गमावतं.

4. नळीवर सरळ रेघ हाताने येत नाही. अ‍ॅल्युमिनियमची काटकोनी पट्टी नळीवर लांबीच्या दिशेने ठेवा आणि तिच्या कडेने पेन्सिल ओढा. फिनच्या जागांसाठी नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिचे तीन समान भाग करा. बाल्साचे तंतू फिनच्या पुढच्या कडेला समांतर हवेत, नाहीतर उतरताना फिन मुळाशी मोडतो.

5. वजनाला लगाम घाला. सरासरी जोर एकूण वजनाच्या पाचपट तरी असावा. सी6-5वर निर्मात्याची मर्यादा 113 ग्रॅमची आहे, आणि रंगाचे थर तिच्यातच धरायचे. ही मोटर सुरुवातीला सुमारे 14 न्यूटनचा झटका देते, मग 5च्या आसपास स्थिरावते. तो झटका रॉकेटला सुटताना सरळ धरणाऱ्या 90 सेंमीच्या सळईवरच वापरला जातो. सळई सोडताना वेग कमी असेल तर फिनना वारा धरता येत नाही.

6. मोटरी घरात, सारख्या तापमानाला ठेवा. गाडीच्या डिक्कीत दिवसा तापून रात्री गारठल्या की दारूचा गठ्ठा कागदी कवचापासून सुटतो, आणि पेटवल्यावर मोटर फुटू शकते. इथे कोलोरॅडोत एकाच दिवसात ऊन आणि हिम दोन्ही पडतं, म्हणून मैदानावरही मी त्या थंडपेटीत नेतो, बर्फ न घालता.